खेपेतून मागे राहिलेल्या नोंदी

अतिवृष्टी अथवा गारपीट होऊन गेली की महसूल, कृषी व ग्रामपंचायत या तिन्ही बाजूंचे गावपातळीवरील सेवक एकत्र बांधावर जातात, पंचनामा करतात, आणि ३३ टक्के अथवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या खातेदारांची यादी तयार होते. पुढे काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, साहाय्याची रक्कम बँकेत जमा होते. शेतकऱ्याच्या दृष्टीस पडतात ती ही दोनच टोके. त्या दोहोंच्या मध्ये जे घडते त्याकडे विस्तारकार्याचे फारसे लक्ष गेलेले नाही. गावोगावच्या याद्या संगणकावरील फाइलींत उतरविल्या जातात, त्या फाइली तालुक्याला जमतात, आणि तेथून खेपाखेपांनी एका मोठ्या माहितीकोशात, ज्याला डेटाबेस म्हणतात त्यात, भरल्या जातात. साहाय्य कोणास द्यावयाचे हे बांधावर ठरते अशी सर्वांची समजूत आहे. प्रत्यक्षात कित्येकदा ते या भरणीच्या वेळी, कोणाच्याही ध्यानात न येता, ठरून जाते.

हा प्रश्न केवळ पंचनाम्यांपुरता नाही. २०१७ व २०१९ सालच्या कर्जमाफीसाठी बँकांकडून खातेदारांच्या याद्या आल्या. २०१९ साली पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या प्रारंभी राज्यांनी शेतकऱ्यांच्या याद्या केंद्राच्या संकेतस्थळावर चढविल्या. मृद आरोग्यपत्रिकेसाठी प्रयोगशाळांतील निष्कर्ष याच रीतीने भरावे लागतात. याउलट १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच आपल्या भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करतो. त्या नोंदीत चूक झाली तर ती एकाच शेतकऱ्याची असते व निदान त्याच्या डोळ्यांसमोर घडते. फाइलीतून येणाऱ्या यादीतील चूक तशी नसते. ती एका रकान्यात शिरली की शेकडो नावांना एकदम लागते, आणि ज्यांची ती नावे आहेत त्यांपैकी एकही जण त्या वेळी तेथे उपस्थित नसतो.

खेपाखेपांनी भरणी का करावी लागते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. तालुक्याची सगळी यादी एका दमात कोशात ओतता येणार नाही असे नाही. परंतु तसे केल्यास मध्येच वीज गेली, जाळे तुटले किंवा एखादी ओळ सदोष निघाली, तर सारेच काम परत फिरते. उलट एकेक ओळ सुटी भरावी तर प्रत्येक ओळीमागे कोशाला स्वतंत्र दारे उघडावी व लावावी लागतात, आणि मोठ्या यादीला रात्र पुरत नाही. ऊस किंवा कांद्याला पाणी देणारा शेतकरी पाटाचे सगळे पाणी एकदम रानात सोडीत नाही आणि ओंजळीनेही घालीत नाही. तो वाफ्यावाफ्याने बारे देतो. संगणकाची खेप ही त्याच जातीची आहे. प्रत्येक खेपेला कोश एक हमी देतो: खेपेतील सर्व ओळी पक्क्या होतील, नाहीतर एकही होणार नाही. अर्धवट भरलेली खेप मागे ठेवावयाची नाही, हा उत्तम कोशाचा पहिला नियम होय.

दुसरा नियम गावच्या दुकानदाराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो दिवसभराचा व्यवहार आधी कच्च्या वहीत लिहितो, सायंकाळी ताळा पाहतो आणि मगच पक्क्या वहीत चढवितो. बाहेरून आलेली फाइलही थेट मुख्य तक्त्यात जाऊ देऊ नये. ती आधी एका कच्च्या तक्त्यात, आहे तशी, एकही अक्षर न बदलता उतरवावी, तेथे तपासावी, आणि जेवढ्या नोंदी कसोटीस उतरतील तेवढ्याच पक्क्या तक्त्यात न्याव्यात. कच्चा तक्ता लगेच पुसूनही टाकू नये. पुढे तक्रार आली तर मूळ यादीत काय होते, हे सांगणारा तोच एक साक्षीदार असतो.

खेप केवढी असावी याविषयी मात्र मतभेद संभवतो. संगणकतज्ज्ञ साधारणतः ५०० किंवा १,००० ओळींची खेप सुचवितात, आणि यंत्राच्या सोयीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु तालुक्याची यादी हजार-हजार ओळींनी कापली की एखाद्या गावाची निम्मी नावे एका खेपेत आणि निम्मी दुसऱ्या खेपेत पडतात. पहिली खेप स्वीकारली गेली, दुसरी परत आली, तर “तुमच्या गावाची यादी भरली का?” या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर उरत नाही. म्हणून खेप गावाची असावी. एका गावाच्या यादीत १८० ओळी असतील तर खेप १८० ओळींची. दुसऱ्या गावाच्या ६४० असतील तर ६४० ची. यंत्राला त्यामुळे थोडे अधिक हेलपाटे पडतील, तर पडू द्यावेत. यंत्राला तसेही बैलासारखी वैरण घालावी लागत नाही. गाव ही खेप मानली की तिचा ताळा पाहणारा माणूस आपोआप ठरतो, कारण त्या गावाची बेरीज ठाऊक असणारा सेवक त्याच गावात काम करीत असतो.

आता फाइलीतील दोषांकडे वळावे. एक्सेलच्या तक्त्यात यादी लिहिणे आज सार्वत्रिक झाले आहे. हे साधन मूलतः हिशेबासाठी आहे, आणि जे जे आकड्यासारखे दिसेल ते ते आकडाच आहे असे ते धरून चालते. बँक खात्याचा क्रमांक हा आकडा नव्हे. ते अंकांनी लिहिलेले नाव आहे. त्याची कोणी बेरीज करीत नाही. तथापि तो साध्या रकान्यात लिहिला की आरंभीची शून्ये निरर्थक समजून गाळली जातात. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी आहेत; एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपते, आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवते. बारा अंकी आधार क्रमांक अशा रकान्यात आकडेमोडीच्या आखूड रूपात दिसू लागतो, आणि त्याच स्थितीत स्वल्पविरामी फाइल, म्हणजे सीएसव्ही, तयार केली तर पहिले काही अंक राहून बाकीच्यांची शून्ये होतात. यावर उपाय सोपा आहे. एकही नाव लिहिण्यापूर्वी संबंधित रकाने ‘टेक्स्ट’ या प्रकारचे करून घ्यावेत. नंतर केल्यास गेलेले अंक परत येत नाहीत, हे अगत्याने लक्षात ठेवावे.

गट क्रमांकाची गत तर याहून चमत्कारिक होते. १४५/२ हा गट क्रमांक जसाच्या तसा राहतो, परंतु ५/२ लिहिला की तो तारीख समजला जाऊन ५ फेब्रुवारी होतो. पहिल्या पोटहिश्श्यांचे शेतकरी अशा रीतीने जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन बसतात. यात गावच्या सेवकाला हसण्याचे कारण नाही. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली काही जनुकांची नावेच बदलून टाकली, कारण मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या तक्त्यांतही त्या नावांच्या तारखा होत होत्या.

बँक शाखेच्या आयएफएससी संकेताचेही असेच आहे. हा संकेत अकरा चिन्हांचा असून त्यातील पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. घाईत त्या जागी इंग्रजी ‘ओ’ लिहिला जातो आणि डोळ्याला फरक दिसत नाही. ही चूक माणसाने शोधीत बसण्याचे काहीच प्रयोजन नाही. पाचव्या जागी शून्य नसेल ती ओळ कच्च्या तक्त्यातच थांबवावी, एवढे सांगितले की यंत्र ते एका क्षणात करते. आधार क्रमांकाची तपासणीही बरीचशी अशीच होते. त्याचा शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून एका रीतीने काढलेला ताळ्याचा अंक असतो. ही रीत डच गणिती व्हेरहूफ यांनी १९६९ साली मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारशेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ताळा जमत नाही आणि चूक तत्काळ उघडकीस येते. अशा तपासण्या फुकटच्या आहेत. त्या न लावता यादी भरणे म्हणजे चाळणी घरात असताना धान्य खड्यांसह दळावयास नेणे होय.

क्षेत्राच्या रकान्यात होणारी चूक मात्र कोणत्याही ताळ्याच्या अंकाने पकडली जात नाही, आणि तिची झळ थेट रकमेला लागते. सातबारावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. बोलण्यात मात्र शेतकरी आजही एकर-गुंठेच सांगतो. यादीत ‘१.२०’ असे लिहिले आहे. सातबारा पाहून लिहिले असेल तर ते एक हेक्टर वीस आर. शेतकऱ्याच्या तोंडून ऐकून लिहिले असेल तर ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे साठ गुंठे, म्हणजेच दीड एकर; हेक्टरात सांगावयाचे तर सुमारे ०.६१. आणि कोणी संगणकाला ते एकरच आहेत असे सांगून रूपांतर करावयास लावले, तर यंत्र त्याचा अर्थ एक पूर्णांक दोन दशांश एकर असा घेईल व ०.४९ हेक्टर काढील. केंद्राच्या निकषांत २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये दर होता. त्या दराने पहिल्या अर्थी १०,२०० रुपये, दुसऱ्या अर्थी ५,१८५ आणि तिसऱ्या अर्थी ४,१६५ रुपये होतात. जमीन तीच, शेतकरी तोच, कागदावरचे चिन्हही तेच. म्हणून क्षेत्राचा एकच रकाना ठेवण्याची प्रथा सोडून द्यावी. हेक्टर एका रकान्यात आणि आर दुसऱ्या रकान्यात असे लिहावे. आरच्या रकान्यात १०० किंवा त्याहून मोठा आकडा आला तर ती ओळ थांबवावी. याखेरीज प्रत्येक ओळीतील बाधित क्षेत्र त्या खातेदाराच्या नमुना ८-अ वरील एकूण क्षेत्राहून मोठे नाही ना, हे पाहावे. ही तपासणी करण्यास कोशात सगळी सामग्री असते, फक्त ती करावयाची असे कोणीतरी ठरवावे लागते.

नावांचा गुंता निराळा आहे. कित्येक कार्यालयांत आजही जुन्या याद्या कृतिदेव अथवा श्रीलिपी यांसारख्या टंकांत लिहिलेल्या आहेत. पडद्यावर त्या उत्तम मराठी दिसतात, परंतु आतून ती इंग्रजी अक्षरेच असतात, आणि युनिकोड जाणणाऱ्या कोशात गेली की ‘पांडुरंग’चे अगम्य चिन्हांचे कडबोळे होते. युनिकोडमध्ये लिहिलेली यादीसुद्धा सीएसव्ही करताना ‘यूटीएफ-८’ हा प्रकार निवडला नाही तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे पाठविते. अंक मराठी लिहावेत की इंग्रजी, याविषयीही एकाच कार्यालयातील दोन मेजांची दोन मते आढळतात. मराठी अंकांत लिहिण्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही, परंतु एकाच रकान्यात दोन्ही आले की कोशाला ते दोन वेगळे क्रमांक वाटतात. गावांच्या नावांवर तर मुळीच विसंबू नये. बुद्रुक कोणी ‘बु.’ लिहितो, कोणी ‘बुद्रुक’. पिंपळगावे आणि वडगावे किती आहेत याचा हिशेब नाही. आणि जिल्ह्यांची नावेही स्थिर राहिलेली नाहीत. २०१४ साली ठाण्यातून पालघर निघाला, २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नाव बदलले तरी गावाचा संकेतांक ठरलेला असतो. यादीवर तो असला की खेप योग्य गावाच्या खाती जाते.

सर्वांत घातक चूक आणखी वेगळी आहे, आणि ती कष्टाळू माणसाच्या हातूनच होते. यादी नावांच्या अनुक्रमाने लावावी म्हणून तो केवळ नावांचा रकाना निवडून क्रम बदलतो. नावे नव्या क्रमाने लागतात. खाते क्रमांक, आधार क्रमांक, क्षेत्र जागच्या जागी राहतात. आता प्रत्येक ओळीतील प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे बरोबर आहे. आधारचा ताळा जमतो, आयएफएससीत पाचवे शून्य आहे, क्षेत्राची बेरीज तंतोतंत येते, ओळींची संख्या तीच आहे. यंत्राच्या सगळ्या कसोट्या पार करून ही खेप कोशात जाते, आणि एकाच्या नावापुढे दुसऱ्याचे खाते चिकटते. यावर यंत्राचा उपाय फार थोडा. जुनी रुजुवात हाच उपाय. खेप पाठविण्यापूर्वी पहिली, शेवटची आणि मधल्या कोणत्याही पाच-सहा ओळी पंचनाम्याच्या कागदाशी ताडून पाहाव्यात. रकाना सरकला असेल तर त्या पाच-सहा ओळींत तो लपून राहणे जवळजवळ अशक्य आहे. दहा मिनिटांचे हे काम आहे. ते होत नाही याचे कारण वेळेचा अभाव असे सांगितले जाते, परंतु खरे कारण हे की रुजुवातीची सही मागणारा रकाना कोठेच छापलेला नसतो.

ओळींची मोजणी हा विषय साधा वाटतो, म्हणून तो उपेक्षित राहतो. इंग्लंडमध्ये २०२० सालच्या शरदऋतूत जे घडले ते या संदर्भात सांगण्यासारखे आहे. कोरोना चाचण्यांचे निष्कर्ष प्रयोगशाळांकडून फाइलींच्या रूपाने येत व जुन्या प्रकारच्या एक्सेल तक्त्यात घालून मध्यवर्ती कोशात भरले जात. त्या जुन्या तक्त्यात ६५,५३६ ओळींहून अधिक ओळी मावत नाहीत. मर्यादा संपली, पुढच्या ओळी कोणताही गाजावाजा न होता गळून पडल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातील १५,८४१ बाधित रुग्ण दैनिक मोजणीत आलेच नाहीत. त्यांच्या सान्निध्यात आलेल्या लोकांना सावध करण्याचे कामही तेवढ्याने लांबले. देश साधनसंपन्न होता, तज्ज्ञ उपलब्ध होते. इकडून किती ओळी निघाल्या आणि तिकडे किती पोहोचल्या, एवढ्या दोन आकड्यांचा ताळा तेवढा वेळीच पाहिला गेला नाही.

म्हणून प्रत्येक खेपेसोबत एक छोटी पावती असावी. त्या पावतीवर गावाचा संकेतांक, खेपेचा क्रमांक, ओळींची संख्या, हेक्टर-आरची बेरीज, आणि पाठविणाऱ्याचे पद एवढेच असले तरी पुरे. भरणी झाल्यावर कोशाकडून तशीच उलट पावती यावी: इतक्या ओळी मिळाल्या, इतक्या पक्क्या झाल्या, इतक्या थांबल्या. पक्क्या आणि थांबलेल्या मिळून मिळालेल्यांइतक्या भरल्याच पाहिजेत. गावचे सातबारे आणि आकारबंद यांचा मेळ घालण्यात ज्यांची हयात गेली, त्या महसूल सेवकांना हे शिकवावयास नको.

खेप परत पाठविण्याची वेळ आली की आणखी एक धोका उभा राहतो. पहिली खेप भरली गेली, परंतु जाळे तुटल्यामुळे उलट पावती आली नाही. सेवकाने ती पुन्हा पाठविली. आता प्रत्येक शेतकरी दोनदा आला. रक्कम दोनदा गेली तर शेतकऱ्याला क्षणभर बरे वाटेल, पण पुढे वसुलीची नोटीस त्याच्याच दारी येते, आणि तोवर पैसा बी-खतात खर्च झालेला असतो. यासाठी कोशाने प्रत्येक नोंदीची ओळख पटवून घेतली पाहिजे. ही ओळख नावावर ठेवता येत नाही. एका गावात एकाच नावाचे तीन तुकाराम असू शकतात. बँक खात्यावर ठेवता येत नाही; खाते संयुक्त असू शकते. केवळ गट क्रमांकावरही नाही, कारण एका गटात अनेक सहहिस्सेदार असतात. शेतकरी ओळख क्रमांक, गट व पोटहिस्सा, पीक आणि आपत्तीचा क्रमांक हे चारही एकत्र घेतले तर नोंद एकमेव ठरते. कृषी विभागाच्या योजनांसाठी २०२५ सालापासून हा ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे, त्याचा खरा उपयोग येथे आहे. अशी ओळख ठरली की तीच खेप दोनदा नव्हे, दहादा पाठविली तरी कोशात एकदाच राहील.

आता मुख्य मुद्दा. थांबलेल्या नोंदींचा धनी कोण? आजच्या रीतीत संगणक त्या ओळींची एक वेगळी फाइल तयार करतो आणि प्रत्येकीपुढे चुकीचे कारण लिहितो. ते कारण इंग्रजीत असते, आणि इंग्रजीतही संगणकी इंग्रजीत. ती फाइल तालुक्याच्या संगणकावर राहते. वर जो अहवाल जातो त्यात शंभरपैकी सत्त्याण्णव नोंदी भरल्या असे असते, आणि सत्त्याण्णव हा आकडा कोणासही समाधानकारकच वाटेल. उरलेले तीन जण मात्र बँकेत हेलपाटे घालीत राहतात. बँक सांगते, रक्कम आलीच नाही. तालुका सांगतो, यादी गेली. सहायक कृषी अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचा कृषी सहायक, सांगतो की पंचनाम्यात नाव आहे. तिघेही खरे बोलत असतात. शेतकऱ्याने कोणावर विश्वास ठेवावयाचा?

थांबलेली नोंद ज्या गावातून आली त्या गावात परत गेली पाहिजे, आणि तीही मराठीत. ‘खाते क्रमांक एका अंकाने कमी आहे’, ‘गट क्रमांकाच्या जागी तारीख आहे’, ‘क्षेत्र ८-अ पेक्षा जास्त आहे’, अशा पंधरा-वीस वाक्यांत बहुतेक सर्व कारणे बसतात. ती एकदाच लिहून कोशाला शिकवून ठेवता येतात. संगणकीकृत सातबारातील चुका हुडकण्यासाठी २०१७ साली राज्यात चावडी वाचन झाले होते. चावडीवर उतारा मोठ्याने वाचला की खातेदारच चूक दाखवून देतो, हा अनुभव हाताशी आहे. तीच रीत थांबलेल्या नोंदींना लावावी. मात्र वाचावयाचे किंवा फलकावर लावावयाचे ते नाव, गट आणि कारण. आधार क्रमांक व बँक खाते संपूर्ण लिहून भिंतीवर चिकटविणे हे शेतकऱ्याच्या घराची किल्ली वेशीवर टांगण्यासारखे आहे. शेवटचे चार अंक ओळख पटविण्यास पुरेसे असतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की एका ओळीसाठी सगळी खेप अडवून ठेवल्यास निर्दोष नोंदींचे शेतकरीही ताटकळतील. तो खरा आहे, आणि म्हणूनच निर्दोष ओळी पुढे जाऊ द्याव्यात, सदोष ओळी बाजूला काढाव्यात. परंतु वीस ओळींत एकीहून अधिक सदोष निघत असेल तर दोष शेतकऱ्यांच्या माहितीत नसून फाइलीतच आहे असे समजावे, आणि ती सबंध परत पाठवावी. अशी खेप रेटून भरणे हे धाडस आहे. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. एकेका सेवकाकडे अनेक गावे, त्यात शेवटच्या तारखेचा धोशा, त्यात संकेतस्थळ मंद. २०२५ सालच्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तशा प्रसंगी तर सेवकाला स्वतःच्या घरातील पाणी उपसावयासही सवड नसते. हा आक्षेप खोडून काढता येणार नाही. मात्र याच कारणाने सगळी यादी शेवटच्या दिवशी एकदम पाठविण्याची सवय सोडली पाहिजे. ज्या गावचा पंचनामा पूर्ण झाला त्याची खेप त्याच आठवड्यात गेली, तर तिच्यातील पाच चुका दुरुस्त करावयास वेळ मिळतो. पंधरा गावे एकाच रात्री गेली की चुका होतात त्या पंचाहत्तर, आणि दुरुस्तीची मुदत संपलेली असते. मुदतीचा विचार वरिष्ठ कार्यालयांनीही करावा. यादी भरण्याची एकच अंतिम तारीख देण्याऐवजी भरण्याची एक व थांबलेल्या नोंदी दुरुस्त करण्याची दुसरी, अशा दोन तारखा प्रारंभीच जाहीर केल्या तर खर्च काहीच वाढत नाही.

काही नोंदी मात्र फाइल कितीही निर्दोष केली तरी थांबणारच आहेत. सातबारावर नाव वडिलांचे, वडील चार वर्षांपूर्वी वारले, वारसाची नोंद अजून व्हावयाची आहे, आणि शेत कसतो मुलगा. नवऱ्याच्या पश्चात शेती सांभाळणाऱ्या कित्येक स्त्रियांची स्थिती हीच आहे. अशी ओळ खाते क्रमांकाच्या चुकीबरोबर एकाच ढिगात टाकू नये. खाते क्रमांक दुरुस्त होण्यास एक दिवस पुरतो. वारसाच्या फेरफाराला गाव नमुना ६ मधील नोंद, नोटीस आणि प्रमाणीकरण यांतून जावे लागते. या नोंदींची यादी पहिल्याच दिवशी वेगळी निघाली, तर ग्राम महसूल अधिकारी, ज्याला गाव अजून तलाठीच म्हणते, तो फेरफाराचे काम लगेच हाती घेऊ शकतो, आणि कोशाने त्या ओळीला ‘अपात्र’ असा शेरा न मारता ‘वारस नोंद प्रलंबित’ असा मारला तर रक्कम शासनाकडे परत न जाता त्या खात्यासाठी राखून ठेवण्याची मागणी तरी करता येते. हा शेरा आज बहुतेक तक्त्यांच्या पर्यायांत नाही. तो घालावयास एक ओळ पुरते.